प्रकल्प नोंदी: दोन स्टुअर्ट, त्यातला एक कापलेला (प्रमाण १:३५)

८ जून: आराखडा

एकाच फळीवर दोन रणगाडे. डावीकडे एम३ स्टुअर्ट (दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन हलका रणगाडा), ब्रह्मदेश १९४२; याची उजवी बाजू कापून आतली मांडणी उघडी ठेवायची. उजवीकडे एम५ मालिकेतला स्टुअर्ट, काश्मीरमधली झोजीला खिंड, १ नोव्हेंबर १९४८. दोन्ही एकाच घराण्यातले. तोफ ३७ मिमीचीच, चाकांची रचना जवळपास तीच, माणसं चारच. बदललं ते इंजिन, आणि त्यामुळे आतलं सगळं. दोन्ही मॉडेल बंद ठेवली तर बघणाऱ्याला एक जुनाट आणि दुसरा जरा गुळगुळीत एवढाच फरक कळेल, म्हणून एक कापायचाच.

मापं काढून ठेवली. एम३ची लांबी ४.५३ मीटर, म्हणजे मॉडेल १२९ मिमी, रुंदी २.२४ मीटर, म्हणजे ६४ मिमी. एम५ए१ ४.८४ मीटर लांब, म्हणजे १३८ मिमी. फळी ४०० × २२० मिमीची घेतली. दोन्हींमध्ये किमान ७० मिमी मोकळी जागा हवी, नाहीतर कापलेल्या बाजूला डोळा नेता येत नाही.

१५ जून: कापलेल्या कडा

किटचं प्लास्टिक सगळीकडे साधारण १.२ ते १.५ मिमी जाड असतं. बंद मॉडेलला काही बिघडत नाही, पण कापल्यावर ती कड म्हणजे चिलखताची जाडी असंच लोक समजणार. १:३५ मध्ये १.५ मिमी म्हणजे ५२ मिमी पोलाद. एम३च्या धडाला एवढं चिलखत कुठेच नव्हतं.

म्हणून कापलेल्या कडेपासून आत ५-६ मिमीपर्यंत प्रत्येक पत्रा आतून घासून खऱ्या जाडीला आणला. बाजू २५ मिमी, म्हणजे ०.७ मिमी. चालकासमोरचा उभा पत्रा ३८ मिमी, म्हणजे १.१ मिमी. नाकाचा खालचा गोल भाग ४४ मिमी, म्हणजे १.२५ मिमी. या दोन्हींमधला जवळजवळ आडवा उतरता पत्रा फक्त १६ मिमी, म्हणजे ०.४५ मिमी. हा शेवटचा घासून होत नाही, मध्येच वितळल्यासारखा वाकतो. तो कापून काढला आणि ०.५ मिमी स्टायरीन शीटचा नवा बसवला.

घासायला २४० नंबरचा पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर चिकटवून, मग ४००. ड्रिलचा घासायचा खडा वापरू नये. प्लास्टिक तापतं आणि कड लाटेसारखी होते. व्हर्नियर कॅलिपर दर दहा-बारा फेऱ्यांनी लावायचा.

कडा शेवटी लाल रंगवायच्या ठरल्या. तांत्रिक कटअवेची हीच रीत आहे, आणि लाल रेघ कुठे जाड, कुठे बारीक हे लांबूनही दिसतं.

१६ जून

रिव्हेट. निवडलेल्या एम३चं धड रिव्हेटचं, बुरूज वेल्डचा. आधीचे बुरूजही रिव्हेटचेच होते. गोळा लागला की चिलखत न भेदताही रिव्हेटचं आतलं डोकं तुटून बंदुकीच्या गोळीसारखं आत फिरायचं. पुढे एम३ए३ आणि एम५ पूर्ण वेल्डचे झाले त्यामागे हे एक मोठं कारण. किटला रिव्हेट फक्त बाहेरून असतात. आतल्या उघड्या भिंतीवर ०.८ मिमीच्या चकत्या पंच करून बाहेरच्या ओळींच्या बरोब्बर मागे लावल्या. ओळी जुळल्या नाहीत तर कापलेल्या कडेवरच पितळ उघडं पडतं, त्यामुळे बाहेरून टाचणीने आरपार खूण करून मगच चकती.

२३ जून: इंजिन

कॉन्टिनेंटल डब्ल्यू-६७०. हवेने थंड होणारं, सात सिलिंडरचं, विमानाच्या जातीचं रेडियल इंजिन (सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोलाकार मांडलेलं), २५० अश्वशक्ती. १९३०च्या दशकात अमेरिकन सैन्याकडे रणगाड्यासाठी खास बनवलेलं हलकं आणि ताकदवान इंजिन नव्हतं. विमानांसाठी मात्र तयार होतं, म्हणून तेच उचललं. याच कुटुंबातलं इंजिन स्टिअरमन पीटी-१७ या शिकाऊ विमानावरही होतं. काही एम३ना नऊ सिलिंडरचं गायबर्सन डिझेल रेडियल बसवलं. एकूण ५,८११ एम३पैकी १,२८५ डिझेलचे.

बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १३० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ११७ मिमी, सात सिलिंडर मिळून जवळपास ११ लिटर. बाहेरचा व्यास १,०७७ मिमी, मॉडेलमध्ये ३०.८. सगळ्या प्रकल्पात हाच आकडा सर्वात महत्त्वाचा. मागच्या कप्प्यात हे चाक उभं बसवलं की गाडीची उंची तिथेच ठरते.

बांधणी अशी. क्रँककेसला १२ मिमी व्यासाची स्टायरीन नळी, दोन्ही तोंडं बंद. सात सिलिंडर म्हणजे ३६० भागिले ७, प्रत्येकी ५१.४३ अंश. कंपासने खुणा करू नयेत, शेवटच्या दोन सिलिंडरांमध्ये फट उरतेच. संगणकावर सात रेघांचं वर्तुळ छापून नळीच्या तोंडावर चिकटवायचं आणि त्यावरून १ मिमीची भोकं. सिलिंडरला ५ मिमीची सळई, त्यावर ०.२ मिमी तांब्याची तार वेटोळ्याला वेटोळं चिकटवून. हेच थंडाव्याचे पंख. तारेच्या टोकाला फेव्हिक्विकचा एकच थेंब. जास्त झालं की पंखांमधल्या खाचा भरतात आणि सिलिंडर नुसता दंडुका दिसतो.

एक सिलिंडर थेट वर ठेवला की तळाला दोन येतात. गाडी उभी राहिली की तेल पिस्टनच्या कड्यांमधून झिरपून या खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इंजिन बराच वेळ थांबलेलं असेल तर आधी मागून हँडल घालून हाताने फिरवून तेल बाहेर काढायचं, मग स्टार्टर. ते हँडल मॉडेलच्या मागच्या फेंडरवर दाखवायचं आहे. बहुतेक मॉडेलवाले ते अवजारांच्या गर्दीत कुठेही लावतात. खरं तर चालकाचा दिवस त्यानेच सुरू व्हायचा.

३० जून: शाफ्ट

कापायचा खटाटोप मुख्यतः यासाठीच. क्रँकशाफ्ट इंजिनाच्या मध्यातून निघतो. इंजिनाचा व्यास १,०७७, म्हणजे मध्य तळापासून ५४ सेमीवर. गिअरबॉक्स मात्र पुढे, चालकाच्या शेजारी, कारण ओढणारी दाताळी चाकं पुढे आहेत. त्यामुळे मागून पुढे जाणारा प्रोपेलर शाफ्ट लढाईच्या कप्प्याच्या मधोमध गुडघ्याएवढ्या उंचीवरून जातो. त्यावर पत्र्याचं आवरण. बुरुजातल्या दोघांनी, म्हणजे तोफ चालवणारा आणि तोफ भरणारा कमांडर, याच आडकाठीभोवती पाय हलवायचे. एम३ला बुरुजाची फिरती टोपली नव्हती. बुरूज फिरला की माणसं आपल्या पायांनी त्याच्यामागे. एम३ए१ला टोपली आणि यंत्राने फिरणारा बुरूज मिळाला, पण शाफ्ट तिथेच राहिल्यामुळे जागा आणखीच आवळली.

मॉडेलमध्ये २ मिमी पितळी नळी, मागे १५.४ मिमी अधिक तळाची मोकळी जागा धरून १७ मिमी उंचीवर, पुढे थोडी उतरती. आवरण ०.२५ मिमी शीटचं, उजवा अर्धा भाग काढून टाकलेला, म्हणजे नळी दिसते. चढवताना क्रम चुकवायचा नाही: आधी गिअरबॉक्स, मग मधली भिंत, मग नळी, शेवटी इंजिन मागून सरकवायचं. इंजिन आधी चिकटवलं तर नळी आत जातच नाही. भिंतीचं भोक मोठं करावं लागतं आणि ते समोरच दिसतं.

इंजिनाच्या दोन्ही बाजूंना इंधनटाक्या. कापलेल्या बाजूची वगळली. एकूण इंधन सुमारे २१२ लिटर, त्यावर रस्त्याने सुमारे ११० किमी. वाळवंटात ब्रिटिशांची मोठी तक्रार हीच. पुढे बाहेरून ९५-९५ लिटरची दोन फेकता येणारी पिंपं आली.

७ जुलै

बाजूच्या दोन मशीनगन. एम३वर .३० ब्राउनिंग एकूण पाच: तोफेच्या जोडीला एक, पुढे धडात एक, विमानांसाठी वर एक, आणि दोन बाजूच्या कप्प्यांत पुढे तोंड करून पक्क्या बसवलेल्या. या शेवटच्या दोन जवळपास निरुपयोगी. नेम धरायचा तर अख्खी गाडी वळवायची. ब्रिटिशांनी बहुतेक गाड्यांवरून त्या काढून भोकं बुजवली आणि जागा सामानाला वापरली. उजवीकडचा कप्पा कापताना गेलाच. डावीकडे १ मिमी शीटची चकती लावून भोक बंद, आत दोन पाण्याचे डबे आणि गुंडाळलेली ताडपत्री.

१४ जुलै: पट्टे

रुंदी २९५ मिमी, म्हणजे ८.४ मिमी. रबराच्या ठोकळ्यांचे पट्टे. एक बाजू झिजली की उलटून दुसरी वापरता येई. सस्पेन्शन उभ्या व्होल्यूट (शंकूसारख्या गुंडाळलेल्या) स्प्रिंगचं, प्रत्येक बाजूला दोन बोगी म्हणजे चाकांच्या जोड्या, प्रत्येकी दोन चाकं. मागचं मोठं आयडलर चाक (पट्टा ताणून धरणारं) जमिनीला टेकतं. त्यामुळे जमिनीवरची लांबी वाढते आणि १२.७ टन वजन जास्त जागेवर पसरतं.

रबरी पट्ट्याला चकचकीत पोलादी रंग लावण्याची सवय सोडायची. रबर चमकत नाही. घासून चमकतात ते फक्त कडेचे जोडणारे तुकडे आणि दाताळी चाकाचे दात. ठोकळ्यांना काळा अधिक थोडा मातकट, टोकांना पेन्सिलीचं शिसं बोटाने. पट्टा वरच्या बाजूला लोंबता ठेवू नये. स्टुअर्टचा पट्टा तीन आधारचाकांवर बऱ्यापैकी ताणलेला असतो. किटचा व्हिनाइल पट्टा मधल्या चाकावर उचलला जातो, तिथे चिकटवून रात्रभर रबरबँड बांधून ठेवला.

२८ जुलै: रंग, आणि पावसाळा

लॅकर रंग या दिवसांत पांढरट पडतो. थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर फक्त ॲक्रिलिक. लॅकर मारायचाच असेल तर रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) घालून, कंप्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारी बाटली लावून, आणि मॉडेल आधी अर्धा तास ६० वॅटच्या जुन्या बल्बच्या खोक्यात कोरडं करून. पांढरं पडलंच तर नुसत्या थिनरचा हलका फवारा, बहुतेकदा मूळ रंग परत येतो.

बाहेरून टामियाचा एक्सएफ-६२ तीन भाग, एक्सएफ-६० एक भाग. आत पांढरा, कारण लढाईच्या कप्प्यात उजेड कमी. पांढऱ्यावर तेलकट तपकिरी वॉश (पातळ रंगाचा हात) फक्त कोपऱ्यांत आणि तळाला. पूर्ण भिंतीवर ओघळ काढले की गाडी वापरातली न दिसता भंगारातली दिसते.

११ ऑगस्ट: दारूगोळा

एम३मध्ये ३७ मिमीचे १०३ गोळे. सगळे दाखवायची गरज नाही. उघड्या बाजूने दिसतात तेवढ्या मांडण्या भरल्या. काडतुसाची पितळी नळी २२३ मिमी लांब, मॉडेलमध्ये ६.४. १.२ मिमी पितळी तार ड्रिलमध्ये धरून टोक कानशीने निमुळतं करायचं.

गोळ्यांचे तीन प्रकार वेगळ्या रंगांत दाखवायचे होते, कारण स्टुअर्ट कुठे चालला आणि कुठे मेला हे त्यावरून सांगता येतं. चिलखतभेदी गोळा साधारण ८८४ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाई. हा-गो या जपानी हलक्या रणगाड्याचं चिलखत १२ मिमी, तिथे तो भरपूर. सुधारित जर्मन रणगाड्यांच्या समोरच्या चिलखताला मात्र अपुरा. स्फोटक गोळ्यात टीएनटी जेमतेम ३९ ग्रॅम, म्हणजे मातीच्या मोर्च्यावर काहीच नाही. आणि कॅनिस्टर: पत्र्याच्या डब्यात ९.५ मिमीच्या १२२ पोलादी गोळ्या, नळीतून बाहेर पडताच फाकणाऱ्या. जंगलात यानेच काम केलं. बंकरसमोरची झाडी उडवायला आणि धावून येणाऱ्या पायदळाला थोपवायला. प्रशांत महासागराच्या आघाडीवर आणि ब्रह्मदेशात स्टुअर्ट १९४५पर्यंत टिकला त्यात कॅनिस्टरचा वाटा मोठा आहे.

ट्युनिशियातले सलग दोन दिवस याच संदर्भात मॉडेलसोबतच्या माहितीफलकावर घ्यावेत. २५ नोव्हेंबर १९४२ला जेदीदाच्या धावपट्टीवर अमेरिकन पहिल्या आर्मर्ड रेजिमेंटची १७ एम३ गाड्यांची एक कंपनी घुसली आणि उभी असलेली वीसहून जास्त जर्मन विमानं गोळ्यांनी आणि पट्ट्यांखाली मोडली. दुसऱ्याच दिवशी शुईगी खिंडीपाशी त्याच बटालियनची गाठ लांब नळीच्या ७५ मिमी तोफेच्या पँझर ४ या जर्मन रणगाड्यांशी पडली. समोरून मारलेले गोळे उडून जात होते. एका कंपनीने सहा गाड्या गमावत शत्रूला गुंतवून ठेवलं, दुसरीने वळसा घालून मागून, पातळ चिलखतावर मारा केला तेव्हा जमलं. वेगाने घुसणं, मागून गाठणं हे जमत होतं; समोरासमोर उभं राहणं नाही. अमेरिकेने १९४३च्या पुनर्रचनेत बहुतेक हलके रणगाडे प्रत्येक मध्यम बटालियनमध्ये एक कंपनी, १७ गाड्या, अशा वाटून टाकले. ते शहाणपणाचंच होतं, उशिराचं असलं तरी.

२५ ऑगस्ट: एम५चं धड

रेडियल इंजिनांवर विमानांचा हक्क वाढला तेव्हा कॅडिलॅकने आपली मोटारीची दोन व्ही-८ इंजिनं शेजारी-शेजारी बसवून दाखवली, प्रत्येकाला हायड्रामॅटिक स्वयंचलित गिअर. प्रत्येकी ११० अश्वशक्ती. शक्ती वाढली नाही, पण चालवणं सोपं झालं आणि मुख्य म्हणजे दोन शाफ्ट तळालगत गेले. लढाईचा कप्पा मोकळा. पाण्याने थंड होणारी इंजिनं म्हणजे रेडिएटर आले, त्यांच्यासाठी मागचं झाकण उंच झालं. एम५ची ती ओळखीची कुबड रेडिएटरची आहे. क्रमाने हा एम४ व्हायचा, पण ते नाव शर्मन या मध्यम रणगाड्याला गेलेलं, म्हणून एम५. ब्रिटिशांकडे स्टुअर्ट ६.

समोर एकच उतरता पत्रा, २९ मिमी, उभ्या रेषेपासून ४८ अंश. एम३च्या पायऱ्यापायऱ्यांच्या नाकापेक्षा पातळ, तरी जास्त भरवशाचा. हे मॉडेल बंद ठेवलं. त्याऐवजी फळीच्या पुढच्या कडेला २ मिमी ॲक्रिलिकवर दोन्ही गाड्यांची बाजूची रेषाकृती कोरून घेतली, दोन्हींचे शाफ्ट लाल. आळीपाळीने बघितलं की पुरेसं आहे.

८ सप्टेंबर: झोजीला

बुरूज चिकटवायचा नाही. १९४७-४८च्या काश्मीर युद्धात जम्मूकडून श्रीनगरला आणताना भारतीय लष्कराच्या सातव्या लाइट कॅव्हलरी या रणगाडा रेजिमेंटच्या गाड्यांचे बुरूज उतरवले होते. वाटेतले पूल कमजोर आणि हालचाल गुप्त ठेवायची होती. पुढे बालतालपासून खेचरांच्या वाटेचा गाडीरस्ता मद्रास सॅपर्सनी (लष्कराच्या अभियंत्यांनी) केला. १ नोव्हेंबर १९४८ला हे रणगाडे साडेतीन हजार मीटरवरच्या खिंडीतून गुमरीच्या खोऱ्यात उतरले. त्याआधी नुसत्या पायदळाचे हल्ले यशस्वी झाले नव्हते. समोर रणगाडे येतील असं गृहीतच नव्हतं, त्यामुळे रणगाडाविरोधी तोफांची तजवीज नव्हती. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल थिमय्या, रेजिमेंटचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' ही नावं फलकावर. युरोपात केव्हाच मागे पडलेली ३७ मिमी तोफ इथे दगडी मोर्च्यांना पुरली. शर्मन दुप्पट वजनाचा. त्या वाटेवर तो नेण्याचा प्रश्नच नव्हता.

बुरुजाच्या कड्याचा व्यास मॉडेलमध्ये सुमारे ३४ मिमी. किटची दोन लोंबती कानं वारंवार काढघाल केल्यावर तुटतात. ती कापून, कड्याखाली ३ × १ मिमीचे तीन चुंबक १२० अंशांवर. चुंबक बसवण्याआधी ध्रुव मार्करने खूण करायचे. एक जरी उलटा बसला तर बुरूज तिरका उचलला जातो.

२२ सप्टेंबर: जमीन

डावीकडे ब्रह्मदेश: भाताच्या खाचरांची सुकलेली, तडकलेली जमीन. ब्रिटिशांची सातवी आर्मर्ड ब्रिगेड २१ फेब्रुवारी १९४२ला रंगूनला उतरली, म्हणजे कोरडा मोसम. गर्द हिरवं जंगल लावणं चूक. चाळलेली लाल माती, फेव्हिकॉल आणि पाणी सारख्या प्रमाणात, ३ मिमी थर. पूर्ण वाळायच्या आधी उन्हात ठेवला की तडे आपोआप पडतात.

ब्रिगेडचे स्टुअर्ट माघारीच्या शेवटी चिंदविन नदीच्या पूर्व काठावर श्वेगिनला सोडून द्यावे लागले, निकामी करून. नदी ओलांडली ती एकाच गाडीने. तीच पुढे बुरूज काढून सातव्या लाइट कॅव्हलरीने कमांडची गाडी म्हणून वापरली. एम३ आणि झोजीलाचा एम५ शेजारी ठेवण्यामागे हाही धागा आहे. फलकावर दोन ओळी.

उजवीकडे बर्फ. खायचा सोडा वापरू नये, आपल्याकडच्या ओलाव्यात तो वर्षभरात पिवळा पडून पोपडे धरतो. मार्बल पावडर दोन भाग, काचेचे सूक्ष्म फुगे एक भाग, मॅट मीडियममध्ये कालवून. फुगे हाताळताना मास्क हवाच. पट्ट्यांच्या खुणांत बर्फ दाबलेला, करडा, खुणांबाहेर भुसभुशीत. थर मॉडेल ठेवल्यावर नव्हे, आधी लावून मॉडेल ओल्यातच हलकं दाबायचं, नाहीतर गाडी तरंगते.

६ ऑक्टोबर: दिवे

कापलेल्या भागात पांढरे ३ मिमी एलईडी दोन, डाव्या कप्प्याच्या छताखाली लपवून. ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर, प्रत्येकाला स्वतंत्र १८० ओहम, साधारण १० मिलिअँपिअर. दोन्हींना मिळून एकच रेझिस्टर लावला तर एक दिवा मंद राहतो. पूर्ण उजेडात पांढऱ्या भिंती भगभगतात आणि शाफ्ट दिसेनासा होतो. एलईडीवर पिवळसर क्लिअर रंगाचा एक हात दिला.

फलकावर शेवटची ओळ स्टुअर्टच्या जागी आलेल्या एम२४ चॅफीची: तीच जुळी कॅडिलॅक इंजिनं, पण टॉर्शन बार (पिळ घेणाऱ्या सळयांचं सस्पेन्शन) आणि ७५ मिमी तोफ, डिसेंबर १९४४पासून आघाडीवर. हा-गो प्रत्यक्ष बघायचा असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात आहे, तेवढं खाली लिहिलं.

१३ ऑक्टोबर: पेटी

१२ मिमी प्लायची पेटी, फळी चार बाजूंनी ५ मिमी बोल्टने तळाला आवळलेली. फोम मॉडेलला टेकू द्यायचा नाही. विमानविरोधी मशीनगन आणि एरियल सर्वात आधी जातात. एरियल ०.३ मिमी गिटार तारेची, भोकात नुसती खोचलेली, प्रवासात काढून झाकणाच्या आत टेपने. बुरूज वेगळ्या कप्प्यात. चार्जरची वायर, दोन जादा एलईडी आणि फेव्हिक्विकची न फोडलेली नळी पेटीतच.